सात सीटची गाडी आणि आठवं माणूस

प्रति,
मराठी मालिका, चित्रपट आणि जाहिरातींसाठी लहान मुलांच्या ऑडिशन घेणारे कास्टिंग दिग्दर्शक, त्यांचे कोऑर्डिनेटर आणि त्यांना काम देणाऱ्या निर्मिती संस्था,
अंधेरी, गोरेगाव, ठाणे आणि जिथे जिथे आम्हाला बोलावलं जातं तिथे.

विषय: 'मुलासोबत फक्त स्वतःचे आई किंवा वडील' ही नवी अट.

नमस्कार.

मी नाशिकला एका शाळेत लिपिक आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. शाळेच्या नाटकात एकदा झाडाचं काम केलं आणि झाडाला नसलेली वाक्यं बोलली, तेव्हापासून आमच्या घरात हे सुरू झालं. गेली दोन वर्षं महिन्यातून एकदा, कधी दोनदा, आम्ही मुंबईला ऑडिशनला येतो. एकटे येत नाही. चार घरांची मिळून एक गाडी येते. हे पत्र त्या गाडीबद्दल आहे.

गाडी आमची, अर्टिगा, सीएनजी. नवरा चालवतो. माझ्या मुलीशिवाय तिघं असतात: दिंडोरीच्या एका द्राक्षबागायतदारांचा मुलगा, सिडकोतल्या अंगणवाडीताईंची आठ वर्षांची मुलगी आणि सातपूरच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या एका दादांचा मुलगा. बागायतदारांच्या घरून मुलाची आई येते. अंगणवाडीताईंना येता येत नाही, कारण सकाळी अंगणवाडी उघडायला दुसरं कोणी नाही, आणि त्यांचे यजमान कंत्राटी आहेत, एक खाडा म्हणजे एक रोज गेला. पाळीवाल्या दादांची रात्रपाळी असली तर ते घरी येतात तेव्हा आमची गाडी इगतपुरीच्या पुढे गेलेली असते, आणि त्यांच्या घरात दीड वर्षाचं आणखी एक मूल आहे, त्यामुळे वहिनी निघू शकत नाहीत.

पहाटे पाचला पाथर्डी फाट्यावर सगळे जमतात. उजाडायच्या आत पांडवलेणी मागे पडते. लेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. दादासाहेबांनी १९१३ साली आपली कंपनी नाशिकला आणली आणि १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्णाचं काम केलं ते त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने. तिला ऑडिशनला न्यायचा प्रश्न नव्हता, दिग्दर्शक घरातच होता. आमच्या मुलांना मात्र त्या स्मारकावरून पुढे साधारण पावणेदोनशे किलोमीटर जावं लागतं, कधी तर गोरेगावच्या त्याच चित्रनगरीत, जिला दादासाहेबांचं नाव आहे. मी हे कुणाला टोमणा म्हणून लिहीत नाही. पहाटे झोपेत असलेल्या मुलांना त्या वळणावर माझा नवरा दर वेळी हे सांगतो आणि कोणी ऐकत नाही, म्हणून म्हटलं, निदान तुम्हाला सांगावं.

खर्चाचा हिशेब साधा आहे. जाऊन-येऊन सीएनजी, टोल आणि मुंबईतलं पार्किंग धरून आमच्या गाडीला साधारण २४०० रुपये लागतात. चार घरांत वाटले की घरटी ६००. हीच खेप एका कुटुंबाने भाड्याच्या गाडीने करायची म्हटली तर पाच-सहा हजार कुठे गेले कळत नाही. पंचवटी एक्सप्रेस आहे, स्वस्त आहे, आम्ही सुरुवातीला तिनेच येत होतो. पण तुम्ही दुपारी चारला बोलावता आणि साडेसहाला सोडता, तोवर परतीची पंचवटी आम्हाला सोडून निघालेली असते. मग लहान मुलाला घेऊन रात्री दादरला पुढच्या गाडीची वाट बघायची. दोनदा केलं. तिसऱ्यांदा पाळीवाले दादा म्हणाले, "त्यापेक्षा गाडी काढा, डिझेल असो की गॅस, माझा वाटा मी देतो." तिथून हे सुरू झालं.

आता त्या नव्या अटीकडे येते.

जूनमध्ये एका कास्टिंग ऑफिसकडून ऑडिशनच्या मेसेजखाली एक ओळ आली: मुलासोबत त्याचे स्वतःचे आई किंवा वडीलच हवेत, इतर कोणासोबत आलेल्या मुलाला प्रवेश मिळणार नाही. आम्हाला वाटलं, अशा ओळी असतात. 'वेळेवर यावे' हीसुद्धा असते. पण अंधेरीत तिसऱ्या मजल्यावर दारातल्या मुलाने खरंच यादी हातात घेऊन विचारायला सुरुवात केली. माझी मुलगी आत गेली, बागायतदारांचा मुलगा आत गेला. बाकीचे दोघं जिन्यात. मी अंगणवाडीताईंना व्हिडिओ कॉल लावून दिला. त्या अंगणवाडीच्या दारात उभ्या राहून, मागे पोरांचा गलका चालू असताना, "मी आई बोलतेय, मी परवानगी देते," असं सांगत होत्या. दारातला मुलगा उद्धट नव्हता. तो म्हणाला, "ताई, मला वरून सांगितलंय." वर म्हणजे नेमकं कोण, ते त्यालाही माहीत नसावं.

दोन्ही मुलं साडेअकरापासून पावणेतीनपर्यंत जिन्यात बसली होती. ताईंनी पहाटे चारला उठून लेकीच्या दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या, तुमच्या मेसेजमध्ये 'शाळकरी लुक' लिहिलं होतं म्हणून. त्या वेण्या तिने जिन्यातच सोडल्या आणि रिबिनी नीट गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवल्या. मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगायचं ते मी मनाशी जुळवत होते, पण विचारलंच नाही.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत आणखी दोन ठिकाणी हीच अट दिसली. म्हणजे ही एका ऑफिसची लहर राहिलेली नाही, रीत होऊ लागली आहे. म्हणून एकाला न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे.

मी शाळेत काम करते, त्यामुळे अट का आली असेल ते मला समजतं. शाळा सुटताना आम्हीही मुलाला ओळखपत्राशिवाय कुणाच्या हाती देत नाही. ऑडिशनच्या नावाखाली 'नोंदणी'चे पैसे उकळणारे आहेत, मुलांना भलत्या ठिकाणी बोलावणारे आहेत, आणि पाच-सहा मुलं गोळा करून आणणारे, त्यांच्या मानधनात वाटा मागणारे दलालही आहेत. मला एका ठिकाणी थेट विचारलं गेलं, "मॅडम, तुम्ही कोऑर्डिनेटर आहात का?" राग आला, पण प्रश्न चुकीचा नव्हता. आम्ही गॅसचे पैसे वाटून घेतो, मुलांचे नाही. शिवाय गाडीची पाटी पांढरी आहे, भाड्याने चालवायची नाही हे आम्हाला माहीत आहे, म्हणून हिशेब वहीत लिहिलेला असतो आणि कुणाकडून खर्चापेक्षा रुपया जास्त घेतला जात नाही. पण हे सगळं कपाळावर लिहिलेलं नसतं, हे मान्य.

आणि एक कबुली. मागच्या वर्षी एका ऑडिशनला बाहेर एक छापील फॉर्म दिला होता. मुलाचं चित्रण कुठेही, कितीही काळ वापरायला संमती, असं काहीसं त्यात होतं. गर्दी होती, 'लवकर भरा' चाललं होतं, आणि पाळीवाल्या दादांच्या मुलाच्या फॉर्मवर पालक म्हणून मी सही केली. परतीच्या वाटेवर शहापूरला चहा पिताना ते मला लक्षात आलं आणि चहा गोड लागेना. दुसऱ्याच्या मुलाच्या चेहऱ्यावर सही करायचा मला काय अधिकार? दादा काही बोलले नाहीत, पण मी त्यांच्या घरी जाऊन सांगून आले. तेव्हा तुम्ही उद्या म्हणालात की असे प्रकार होतात म्हणून आम्ही अट घातली, तर त्या प्रकारांत मी आहे.

पण बघा, इथेच दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या आहेत. सही पालकाचीच हवी, यात वादच नाही. सोबत मात्र विश्वासू माणसाची चालते. आपल्याकडे मामाबरोबर भाचे गावाला जातात, शेजारच्या काकू चार पोरांना घेऊन सर्कशीला जातात, शाळेची सहल दोन बाई आणि एक सर नेतात. त्या सगळ्या ठिकाणी संमती आधी आई-बापाची घेतलेली असते आणि हात धरणारं माणूस दुसरं असतं. तुम्ही सही आणि सोबत एकत्र बांधली, आणि त्या गाठीत आमची गाडी अडकली.

कशी अडकली ते आकड्यांत सांगते. अर्टिगात चालक धरून सात माणसं बसतात. आजवर आम्ही येत होतो ते असे: नवरा, मी, बागायतदारांकडच्या वहिनी आणि चार मुलं. सात. तुमच्या अटीप्रमाणे चार मुलं आणि चार पालक हवेत. मी घरी राहिले आणि नवराच मुलीचा पालक म्हणून आला तरी आठ होतात. आठवं माणूस बसवायचं कुठे? मांडीवर मूल घेऊन समृद्धीवरून यायचं का? ते मी करणार नाही, तुम्हीही करू म्हणणार नाही. मग दुसरी गाडी काढा, म्हणजे घरटी ६०० चे १२०० झाले, शिवाय दोन घरांचा रोज बुडाला. याचा अर्थ यापुढे माझी मुलगी येईल आणि बागायतदारांचा मुलगा येईल. अंगणवाडीताईंची मुलगी येणार नाही. चौघांत सगळ्यात चांगलं काम तीच करते, हे मी तिच्या प्रतिस्पर्ध्याची आई असून लिहिते आहे.

कायद्याचं बोलायचं तर तोही तुमच्याइतका कडक नाही. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ साली दुरुस्त झाला आणि २०१७ च्या नियमांत बालकलाकारांसाठी अटी आल्या: दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, मिळकतीतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे बँकेत मुदत ठेवीत. तुम्हाला हे पाठ असेल. त्याच नियमांत लिहिलं आहे की जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी. प्रत्यक्ष चित्रीकरणाला, दिव्यांखाली, अनोळखी सेटवर पाच मुलांमागे एक माणूस पुरतं असं कायदा मानतो. आमच्या गाडीत चार मुलांमागे तीन मोठी माणसं असतात. तरी दोन मुलं जिन्यात.

उलट जे तास मोजायला हवेत ते कुणीच मोजत नाही. ते नियम कामाच्या दिवसाबद्दल आहेत. ऑडिशनचा दिवस त्यात नाही. पहाटे साडेचारला उठलेलं मूल रात्री साडेदहाला घरी पोचतं, मधले सात तास ते बाकावर किंवा पायरीवर बसलेलं असतं, आणि कॅमेऱ्यासमोर असतं चार मिनिटं. हे काम नव्हे, म्हणून त्याला मर्यादाही नाही.

वेळेबद्दल माझी तक्रार जुनी आहे, ही अट येण्याच्या आधीची. रात्री दहा-सव्वादहाला मेसेज येतो: उद्या अकरा वाजता, अर्जंट, स्क्रिप्ट पाठवतो. स्क्रिप्ट पावणेबाराला येते. मुलं झोपलेली असतात. गाडीत मोबाईलच्या उजेडात वाक्यं पाठ करून घ्यायची, तर दिंडोरीकरांच्या मुलाला वाचताना मळमळतं. त्याच्यासाठी आम्ही खास आवळासुपारीची डबी ठेवली आहे. त्यातून एकाच गाडीतल्या चौघांना चार वेळा: एकाला साडेअकरा, दुसऱ्याला दीड, तिसऱ्याला साडेतीन, चौथीला 'पाचनंतर बघू'. चौघं एकत्र येतात हे मी फोनवर आधी सांगितलेलं असतं. ज्यांचं घर गोरेगावात आहे त्यांना सकाळची वेळ आणि ज्यांना घाट चढायचा आहे त्यांना संध्याकाळची, हे कसं ठरतं याचं मला नेहमी नवल वाटतं. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला, कसारा घाटाची कटकट गेली, हे खरं. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरचे पाचही टोल लहान गाड्यांना माफ झाले, तेही खरं. पण आमण्याहून खाली उतरलं की भिवंडी आहे तिथेच आहे, आणि संध्याकाळी सहाला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून निघणाऱ्या गाडीला ठाणे ओलांडायला किती वेळ लागतो ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मागच्या डिसेंबरात माझ्या मुलीला बोलावलं. तीन तास थांबलो. तिचं नाव पुकारलं, ती आत गेली, खांद्यावर पाटी धरून उभी राहिली, आणि आतून आवाज आला, "ही उंच आहे. नॉट फिट." दरवाजा पूर्ण लागलासुद्धा नव्हता. तिची उंची चार फूट चार इंच आहे आणि ती तिच्या प्रोफाईलमध्ये, वयाच्या खालच्या ओळीत, गेले वर्षभर लिहिलेली आहे. मी ती दर तीन महिन्यांनी मोजून बदलते. तुम्हाला लहान चणीची मुलगी हवी होती, हे नाशिकला कळवता आलं असतं. त्या एका वाक्यासाठी आम्ही जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर गाडी चालवली. तेव्हापासून ती घरात जराशी वाकून चालते, ही माझी शंका आहे. नवरा म्हणतो, दप्तरामुळे. असेल.

बाकीच्या गोष्टी भराभर लिहून टाकते, कारण त्या तुम्हालाही पाठ आहेत. बसायला जागा नसते. मुलींना नेता येईल असं स्वच्छतागृह कधी असतं, कधी खालच्या हॉटेलवाल्याला विनवावं लागतं. निकाल कळवत नाही. 'कळवतो' म्हणता, आणि मग टीव्हीवर दुसरं मूल दिसलं की आम्हाला कळतं.

आमच्या बाजूच्या चुकाही आहेत. काही पालक आजी-आजोबा, मावशी, मावसभाऊ असा लवाजमा घेऊन येतात आणि तुमचा जिना अडवतात. काही दाराच्या फटीतून मुलाला हातवारे करून शिकवतात. एक बाबा मी पाहिले, मुलाला बाहेर काढून दंडाला धरून विचारत होते, "हसायला काय झालं होतं तुला?" त्या मुलाला नंतर हसू येणं शक्यच नव्हतं. अशांना तुम्ही बाहेर ठेवा, मी टाळ्या वाजवीन. पण ते सगळे स्वतःचेच आई-बाबा होते, तुमच्या अटीत बसणारे.

आमच्या गाडीत काय असतं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. चार मुलं, बहुतेक वेळा एकाच भूमिकेसाठी. म्हणजे सात माणसांत चार प्रतिस्पर्धी. सुरुवातीला फार अवघड गेलं. बायका एकमेकींशी गोड बोलत आणि मनात हिशेब करत, मीही त्यातलीच. मग काही गोष्टी आपोआप ठरत गेल्या. शहापूर येईपर्यंत 'कसं झालं' विचारायचं नाही. एकाने दुसऱ्याच्या मुलाला सुधारायचं नाही. गाडीत किमान एक बाई हवीच. कुणाही एका मोठ्या माणसाने परक्या एका मुलाला एकट्याने कुठे न्यायचं नाही, पाण्याच्या बाटलीलासुद्धा नाही. प्रत्येक मुलाच्या नावाची एक प्लास्टिकची पिशवी असते: आई-बाबांची सही असलेलं पत्र, आधारची प्रत, दोन फोन नंबर, कशाची ॲलर्जी आहे ते, आणि उलटीची गोळी. तुम्ही मागायच्या आधीपासून आम्ही हे करतो आहोत. एकदा परतताना खर्डीजवळ बागायतदारांकडच्या वहिनींना फोन आला. त्यांनी नुसतं "हो, हो, बरं," म्हटलं आणि फोन पर्समध्ये टाकला. मागे तिघं अंताक्षरी खेळत होती. त्यांचा मुलगा निवडला गेला होता, हे त्यांनी नाशिकला पोचून, प्रत्येक मूल आपापल्या दारात उतरल्यावर, रात्री ग्रुपवर लिहिलं. इतकी काळजी सख्ख्या नात्यांतही घेतात की नाही, मला ठाऊक नाही. अशा बाईला तुमच्या दारात 'इतर कोणी' म्हणतात.

आणि गावाकडची मुलं कशाला, मुंबईत काय कमी मुलं आहेत, असं कोणी म्हणत असेल तर थोडं मागे बघा. २००८-०९ च्या मराठी 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'मध्ये शेवटपर्यंत पोचलेली पाच मुलं होती आळंदीची, आरवलीची, अलिबागची, पुण्याची आणि लातूरची. मुंबईचं एकही नाही. महाराष्ट्राने ते पर्व घराघरांत डोक्यावर घेतलं, तेव्हा कुणी अंतर मोजलं नव्हतं. ती मुलंही कोणीतरी, कशाने तरी, कुणाच्या तरी सोबतीने आणलीच असणार.

तर आमचं मागणं असं.

मुलासोबत येणारा माणूस पालकांनी लेखी नेमलेला असेल तर त्याला पालकाच्या जागी सोबत म्हणून मान्य करा. पत्राचा नमुना तुम्हीच ठरवा, त्यावर मुलाचा आणि सोबत्याचा फोटो लावायला सांगा, आदल्या दिवशी आई-बाबांना व्हिडिओ कॉल करून खात्री करा, एका माणसामागे दोनच मुलं म्हणा. आम्ही सगळं करू. मात्र संमतीचा, चित्रण वापरण्याचा, पैशाचा कोणताही कागद सोबत्याकडून घेऊ नका. तो आधी घरी पाठवा, मराठीत पाठवा, वाचायला एक रात्र द्या. सोबत्याने पुढे केलेला हात त्या कागदावर पडणारच नाही असं करा.

मुंबईबाहेरून एका गाडीने येणाऱ्या मुलांना लागून वेळा द्या, सकाळी अकरा ते दोनच्या आत. मेसेजमध्ये एक रकाना वाढवा: कुठून येता, किती मुलं एकत्र. बाकी यादी तुम्ही कशीही लावा.

निदान ४८ तास आधी कळवा. अर्जंट असतं हे समजतं, एखाद्या वेळी असतंच. दर वेळी कसं असेल? आणि शाळेच्या परीक्षांच्या आठवड्यात शक्यतो शनिवार-रविवार धरा. हजेरीपट माझ्याच टेबलावर असतो, माझ्याच मुलीच्या नावापुढचे गैरहजेरीचे शेरे मला लिहावे लागतात.

पहिली फेरी घरून पाठवलेल्या व्हिडिओवर घ्या आणि तो खरंच बघा. उंची, वय, दात पडलेत का, पोहता येतं का, हे सगळं तिथेच चाळून घ्या. प्रत्यक्ष बोलावलं तर त्या मुलाला किमान एकदा पूर्ण वाक्य बोलू द्या. नको असेल तर नको म्हणा, पण दार लागल्यावर. 'नाही' हा एक शब्द आठवड्याभरात मेसेजने कळवा, आम्हाला तेवढा पुरतो.

बसायला एक सतरंजी, प्यायला पाणी, मुलींसाठी कडी लागणारं स्वच्छतागृह. याला मागणी म्हणायची मला लाज वाटते, पण लिहिते.

हे पत्र लिहायच्या आधी चारही घरांनी वाचलं आहे. दिंडोरीकर म्हणाले, जरा जास्त लिहिलंत, मुलीचं नाव काळ्या यादीत जाईल. जाईलही. अंगणवाडीताई म्हणाल्या, वेण्यांचं काढून टाका. ते मी काढलेलं नाही, त्याबद्दल त्यांची माफी मागते.

येत्या शनिवारी गोरेगावला एका ऑडिशनचा कॉल आहे, आठ ते अकरा वयोगटाचा. तुमच्यापैकीच एकाकडून आला आहे आणि खाली तीच ओळ आहे. आम्ही चारही मुलांची नावं पाठवली आहेत, सोबत दोन घरांची सही केलेली पत्रं जोडली आहेत. ताईंच्या लेकीची सीट अजून कुणाला दिलेली नाही. उत्तर शुक्रवारी दुपारी चारच्या आत आलं तर बरं होईल, कारण त्यानंतर पाथर्डी फाट्यावर सीएनजीची रांग वाढते आणि नवऱ्याला किती किलो भरायचं ते ठरवावं लागतं.

आपली,
मागच्या सीटवरच्या चौघांपैकी एकीची आई,
नाशिक